साहेबांची गोड बोली

यंदाच्या वैशाखानं झिरनखेडीवर दात धरला होता. भोपाळहून मंडीदीपकडं जाणारा मोठा रस्ता सोडून आत वळलं की आधी गव्हाची मोकळी, करपलेली शेतं लागतात, मग वीटभट्ट्या, आणि मग नगर परिषदेची नर्सरी. कागदोपत्री तिला उद्यान शाखा म्हणत. उद्यान म्हणावं असं तिथं काही नव्हतं. तापलेली माती, हिरव्या जाळीची एक शेड, पाण्याची टाकी आणि काळ्या थैल्यांच्या रांगा. पावसाळ्यात पुढारी झाडं लावणार, फोटो निघणार, म्हणून उन्हाळाभर बायांनी थैल्या भरायच्या. रोपं पुढं जगोत न जगोत, थैल्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत.

मंजूषा खानझोडे ही त्या थैल्या भरणाऱ्यांतली एक. बाकी सगळ्या बाया आसपासच्या खेड्यांतल्या, हिंदी बोलणाऱ्या. मराठी घरातली ती एकटीच. तिचे सासरे नीळकंठराव टी. टी. नगरातल्या एका सरकारी कचेरीत फायली सांभाळणारे दफ्तरी होते. त्यांच्या वडिलांना कचेरीबरोबर नागपूर सोडून भोपाळला यावं लागलं, तेव्हा नीळकंठराव कडेवर होते. निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सुटलं आणि झिरनखेडीत दोन खोल्या बांधल्या. मंजूषाचा नवरा अमोल मंडीदीपच्या कारखान्यात ठेकेदाराकडं; पंधरवडाभर दिवसपाळी, पंधरवडाभर रात्रपाळी. ठेकेदार बदलला की काम राहील की जाईल याचा नेम नाही. म्हणून मंजूषानं हातात खुरपी घेतली.

काम मिळालं ते अच्युतरावांमुळं. अच्युत मोहरील म्हणजे नगर परिषदेचे उद्यान अधिकारी आणि मराठी मंडळाचे आधारस्तंभ. आरतीला त्यांचा आवाज लागला की म्हाताऱ्या बाया डोळे मिटून घेत. मंडळाच्या भांड्यांच्या खोलीची किल्ली नीळकंठरावांना त्यांनीच दिली होती, आणि त्या किल्लीमुळं नीळकंठराव निवृत्तीनंतर पुन्हा कुणीतरी झाले होते. "आपला माणूस आहे सूनबाई," पहिल्या दिवशी ते म्हणाले, "परक्या मुलखात आपला माणूस वर असला की घोर नसतो." सगळा जन्म भोपाळात काढूनही ज्याला मुलूख परका वाटतो, त्याला आपला माणूस फार लवकर सापडतो.

हा आपला माणूस सकाळी उन्हं तापली की छत्री घेऊन येई. बाकीच्या बायांना त्याचं एकच बोलणं, "ए, हाथ चलाओ, हाथ!" मग मंजूषाच्या वाफ्याशी तो थांबे, भाषा बदले आणि आवाजही बदले. तोच आरतीचा आवाज. आवाज तो खाली आणत नसे, कुजबुजत नसे. सगळ्या बायांच्या मध्ये, भर दिवसा, हसत हसत म्हणे, "मंजूषाबाई, घामानं ब्लाउज पाठीला चिकटला की तुमच्यावरून नजर हलत नाही बघा." सूर इतका घरगुती, की यंदा लोणचं घातलंत का असं विचारतोय असं वाटावं.

बाया ऐकत. सगळ्या ऐकत, आणि एकीलाही काही कळत नसे.

"तुम्हारे साब तुमसे कित्ता मीठा बोलते हैं बाई," गेंदाबाई म्हणे. "हमको तो बस दुत्कारते हैं."

गेंदाबाई पन्नाशीची, काटक, नकला करण्यात पटाईत. थैल्या भरायच्या कामाला ठेका लागतो. कुणी माती, रेती आणि शेणखत कालवायचं, कुणी थैली भरायची, कुणी दोनदा आपटून रांगेत उभी करायची. ठेका सुटला की थैल्या पोकळ राहतात आणि पहिल्याच पाण्याला बसतात. गाणी म्हणून संपली की गेंदाबाई साहेबांचे बोल धरी. छत्री धरल्यासारखी मूठ करून मान वेळावत म्हणे, "नौरा रातपालीला गेला की दाराला कडी नका लावत जाऊ!" आणि त्या बोलावर सगळ्या जणी थैल्या आपटत, हसत.

मंजूषाही हसे. न हसून करणार काय? अर्थ सांगावा, तर ज्यांनी हे गोड समजून तोंडात घोळवलं त्या उद्या आपल्याकडं कशा बघतील, ही तिला धास्ती. दुसरं असं, की अमोलच्या रात्रपाळीचा पंधरवडा साहेबांना नेमका ठाऊक असे. कुठून कळतो तेही तिला ठाऊक होतं. दर गुरुवारच्या भजनानंतर अच्युतराव नीळकंठरावांच्या खांद्यावर हात ठेवून घरची खुशाली विचारत, आणि सासरे कौतुकानं सगळं सांगत.

एका दुपारी साहेबांनी तिला शेडमध्ये पपईच्या रोपांना पाणी द्यायला पाठवलं. झारी अर्धी झाली असेल, तोच मागून जाळीचं दार लोटल्याचा आवाज आला. तिनं वळून बघेपर्यंत त्यानं तिचा दंड धरला होता. दुसरा हात कुठं गेला ते ती पुढं कित्येक दिवस स्वतःशीही बोलली नाही. झारी सुटली, पाणी त्याच्या बुटांवर गेलं, तो शिवी हासडत मागं सरला आणि ती बाहेर पळाली. साडीचा काठ घोट्यापर्यंत भिजला होता.

"फिसल गईं क्या बाई?" गेंदाबाईनं विचारलं.

"हओ," मंजूषा म्हणाली आणि थैली भरायला बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बदललं. सावलीतल्या थैल्या गेल्या, आणि कुंपणापलीकडच्या उघड्या माळावर शेणखताचा ढीग फोडायचा हुकूम आला. घमेलं भरायचं, डोक्यावर घ्यायचं, सबंध माळ तुडवून आणून ओतायचं, परत जायचं. ढिगातली वाफ तोंडावर यायची. ढीग फोडताना सब्बल, ती लोखंडी पहार, इतकी तापायची की हाताला पदर गुंडाळून धरावी लागे. तळव्यांना फोड आले, फुटले, त्यांत खत गेलं. तिच्याबरोबर दुसरी बाई दिली नव्हती. साहेब लांबूनच छत्रीखालून बघत आणि परत जात. आता गोड बोलही नाही आणि साधा बोलही नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी तिचा घोळणा फुटला. रक्त घमेल्यात गळलं, आणि तिथंच, ढिगाच्या कडेला बसल्या बसल्या, तिला स्वतःची नाही, साहेबाची चीड आली. इतके दिवस लाजच येत होती. चीड आली तेव्हा तिला बरं वाटलं.

मंगळवारी कामाला दांडी मारून ती भोपाळला गेली आणि कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या जनसुनवाईच्या रांगेत उभी राहून तिनं अर्ज दिला. अर्ज लिहून देणाऱ्यानं विचारलं, "क्या करते हैं साहब?" ती म्हणाली, "गंदा बोलते हैं." त्यानं 'अभद्र भाषा' असं लिहिलं. शेडचं तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.

बुधवारी सकाळी रात्रपाळीहून आलेल्या अमोलला तिनं अर्जाचं सांगितलं. एक बूट काढून तो तसाच हातात धरून बसला.

"काय बोलतो तो?"

तिनं कडीचं तेवढं सांगितलं. अमोलच्या मानेची शीर टरारली. "जाऊन हाणतो भडव्याला," तो म्हणाला. उठला नाही. मग बऱ्याच वेळानं दुसरा बूट काढत म्हणाला, "बाबांना नको सांगूस. त्यांना सोसणार नाही." अमोल वाईट नव्हता. थकलेला होता, आणि थकलेल्या माणसाचा राग बूट काढेपर्यंतच टिकतो.

अर्जाची बातमी झिरनखेडीत तिच्याआधी पोचली होती. त्याच आठवड्यात अच्युतराव घरी आले, हातात आंब्यांची पेटी. खुर्चीत ऐसपैस बसले. सासू मनोरमाबाईंनी आतून सांगितलं, "सूनबाई, चहा टाक." आणि मंजूषानं तो टाकला. फोड आलेल्या हातांनी कप बशीत ठेवला, पडद्याआडून सासूच्या हाती दिला. त्या माणसाच्या चहात आपण आलं किसतोय, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा किसून झालं होतं.

"नीळकंठराव, मी काय म्हणतो," बाहेर तोच आवाज, "पोर साधी आहे. थट्टेत काही बोललो असेन, तिनं मनाला लावून घेतलं. आता चौकशी बसणार. उगाच चार परक्या लोकांत आपल्या घराची शोभा. तुम्ही घरातले वडील. गैरसमज झाला एवढं तुम्ही सांगितलंत की तिचीही अब्रू राहते, माझीही. आणि हो, नगर परिषदेच्या टँकरवर माणूस हवाय. अमोलचं नाव माझ्या डोक्यात आहे."

साहेब गेल्यावर घरात आंब्यांचा वास राहिला. मनोरमाबाई पेटी उघडत म्हणाल्या, "बोलला तर बोलला बाई. बोलण्यानं काही अंगाला भोकं पडत नाहीत."

मंजूषा दाराशी आली. "मामाजी, तो माणूस काय बोलतो ते एकदा ऐका..."

नीळकंठरावांनी हात वर केला. "नको सूनबाई. सुनेनं सासऱ्याला सांगायच्या गोष्टी नसतात त्या." हे ते रागानं बोलले नाहीत. उलट तिची लाज आपण राखतोय अशा समजुतीनं, डोळे खाली घालून बोलले. लाजेच्या नावाखाली तिचं तोंड बांधलं गेलं, आणि बांधणाऱ्याला आपण मोठेपणानं वागलो असंच वाटलं. मंजूषा मागं फिरली. आंबा तिनं खाल्ला नाही.

चौकशीच्या दिवशी एकाच घरातून दोघं निघाली. नीळकंठराव धुतलेला पांढरा सदरा घालून अच्युतरावांच्या गाडीत बसले. मंजूषा गेंदाबाईबरोबर भरलेल्या आपे रिक्षात कडेला टेकून गेली. वाटेत गाडीनं रिक्षाला मागं टाकलं. नीळकंठरावांनी काचेतून बघितलं की नाही ते तिला दिसलं नाही, धूळ फार उडाली.

अशा चौकशीत तक्रारदार बाईला आणि साहेबाला समोरासमोर बसवू नये, असं म्हणे नियमात आहे. पण नगर परिषदेत चालू पंखा एकाच खोलीत होता, आणि ज्येष्ठाच्या उन्हापुढं नियम काय टिकणार! सगळे तिथंच बसले. जिल्ह्याहून आलेल्या समितीच्या अध्यक्षा फरहत मॅडम, त्यांच्या शेजारी लिहून घेणारा बाबू, भिंतीशी बाया, खिडकीशी अच्युतराव आणि त्यांच्या बाजूच्या खुर्चीत नीळकंठराव.

नीळकंठरावांनाच आधी उठवलं. त्यांनी हात जोडले. "मैडम, गलतफ़हमी है. साहब हमारे घर के आदमी हैं. बहू सीधी है, हँसी-मज़ाक समझी नहीं."

मंजूषानं खाली, फरशीकडं बघितलं. सीधी म्हणजे साधी की मूर्ख, तिला एवढंच विचारावंसं वाटत होतं.

मग बायांची पाळी. फरहत मॅडमनी विचारलं, "आप लोगों के सामने बोलते थे? क्या बोलते थे?"

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. एक म्हणाली, "सामने तो बोलते थे. मराठी में बोलते थे. हमें क्या मालूम."

"डाँटते थे?"

"नईं. मीठा बोलते थे."

अच्युतरावांच्या ओठावर बारीक हसू आलं. बाबूनं 'मीठा' असं लिहिलंही. मॅडम मंजूषाकडं वळल्या. "आप खुद बताइए. जो शब्द थे, वही. उसके बिना मैं क्या लिखूँ?"

मंजूषा उठली. वाक्य जिभेच्या टोकावर होतं. समोर, चार हातांवर, ज्यांच्यापुढं तिनं लग्न झाल्यापासून मान वर केली नव्हती ते बसले होते. ब्लाउज, पाठ, कडी. तिचं तोंड उघडलं आणि त्यातून आवाज आला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचाच तिला संताप आला. एवढं उन्हात जळून, रांगेत उभं राहून इथवर आलो, ते मुकं उभं राहायला?

"देखिए मैडम," अच्युतराव सौम्यपणे म्हणाले, "कुछ होगा तभी तो बताएँगी."

तेव्हा गेंदाबाई उठली. "बाई ससुर के सामने नईं बोल पा रही, मैडमजी. हमारे यहाँ भी नईं बोलते. मैं बोल दूँ? मतलब तो मैं जानती नईं, पर बोल सब रट गए हैं. रोज तो सुनते थे."

"बोलिए."

गेंदाबाईनं सवयीनं छत्रीची मूठ धरली, मान वेळावली आणि साहेबांच्या सुरात, जसंच्या तसं, म्हटलं, "मंजूषाबाई, घामानं बिलाऊज पाठीला चिकटला की तुमच्यावरून नजर हलत नाई बघा." मग दुसरं. "नौरा रातपालीला गेला की दाराला कडी नका लावत जाऊ." मागच्या दोघी बाया सवयीनंच खुदकन हसल्या.

पंखा फिरत होता. अच्युतराव खिडकीबाहेर बघू लागले. नीळकंठरावांचा चेहरा आधी नुसता गोंधळला, कारण ओळखीची भाषा परक्या तोंडातून यायला क्षणभर लागतो. मग ती त्यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि तो पुन्हा लावायचा विसरून हातातच धरला.

"आप तो मराठी जानते हैं, बाबूजी," फरहत मॅडम म्हणाल्या. "क्या मतलब हुआ इसका?"

"मतलब..." म्हणून ते थांबले. खोटं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता, आणि खोटं सोपंही होतं. त्या खोलीत मराठी जाणणारी तीनच माणसं. एक बोललेला, एक ऐकलेली, तिसरे ते. मंजूषानं मान वर केली आणि लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्यांच्या तोंडाकडं सरळ बघितलं. विनवणी तिच्या डोळ्यांत नव्हती. तिला फक्त बघायचं होतं.

नीळकंठरावांनी गेंदाबाईला विचारलं, "ये दरवाज़े की कुंडी वाली बात... कब कहते थे?"

"जब-जब बाई के आदमी की रात की पाली रहती, बाबूजी. तभी-तभी."

"मीच सांगत होतो," नीळकंठराव मराठीत पुटपुटले. "गुरुवारी. मीच सांगायचो की." दफ्तरी असताना साहेबांपुढं उभे राहत तसे ते टेबलापुढं जाऊन उभे राहिले.

"लिखिए," ते बाबूला म्हणाले. "पहली बात. पसीने से ब्लाउज़ पीठ पर चिपक जाए, तो तुम पर से नज़र नहीं हटती." एकही शब्द त्यांनी मऊ केला नाही. "दूसरी बात. पति रात की पाली पर जाए, तब दरवाज़े की कुंडी मत लगाया करो." मग ते म्हणाले, "ये मेरी बहू से कहा है. वो दरवाज़ा मेरे घर का है."

"हाय राम!" गेंदाबाईनं तोंडावर हात घेतला. "ये बोलते थे? और हम... हम दिन भर..." ती मंजूषाच्या पायाशी खाली बसली आणि तिचे फोडांनी भरलेले तळवे दोन्ही हातांत धरून रडायला लागली. मागच्या बाया हसायच्या थांबल्या होत्या. मंजूषाला वाटलं होतं, अर्थ कळल्यावर या आपल्याकडं वेगळ्या नजरेनं बघतील. त्या तिच्याकडं बघतच नव्हत्या. त्या सगळ्या खिडकीशी बसलेल्या साहेबाकडं बघत होत्या.

अच्युतराव खुर्चीत पुढं सरकले. हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. आवाज तोच, आरतीचा. "नीळकंठराव, आपण आपल्यातली माणसं. अमोलच्या टँकरचं मी कालच बोलून ठेवलंय. हे लोक आज आहेत, उद्या जातील. घरचं घरात मिटवू."

फरहत मॅडमनी लेखणी उचलली. "ये अभी क्या कहा इन्होंने?"

नीळकंठरावांनी या वेळी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "कह रहे हैं, हम आपस के लोग हैं. मेरे बेटे को टैंकर पर लगवा देंगे. आप लोग आज हैं, कल चले जाएँगे. बात घर में दबा दूँ."

बाबूनं मॅडमकडं बघितलं. "लिखिए, लिखिए," मॅडम म्हणाल्या, "ये भी लिखिए." आणि अच्युतरावांना म्हणाल्या, "अब आप हिंदी में बोलिएगा. या मत बोलिएगा."

अच्युतरावांनी घाम पुसला. माळावर एवढं ऊन होतं तेव्हा त्यांना घाम आलेला कुणी पाहिला नव्हता. मॅडमनी मंजूषाला विचारलं, "बोलने के अलावा भी कुछ हुआ है?"

शेडमधलं ते कुणी ऐकलेलं नव्हतं, कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. नीळकंठरावांना ते कळलं असावं. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, सुनेकडं न बघता म्हणाले, "मी बाहेर जाऊन उभा राहतो, सूनबाई. तू मोकळेपणानं सांग." आणि दाराकडं वळले.

"नका जाऊ, मामाजी," मंजूषा म्हणाली. "बसा तुम्ही. ऐका."

ते दाराशीच थबकले. मग परत आले. अच्युतरावांच्या बाजूची खुर्ची त्यांनी तशीच सोडली आणि भिंतीशी बायांच्या ओळीत जाऊन बसले.

मंजूषानं गेंदाबाईच्या हातांतून आपले हात सोडवून घेतले, पदर खांद्यावर नीट केला, आणि शेडमध्ये काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लागली. हिंदीतून, सावकाश, सगळ्यांना कळेल असं.